हवेची लवचिकता आणि फादर लाइन यांचा आक्षेप

शालेय पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतून बॉइलचा नियम एका वाक्यात सांगितलेला असतो. तापमान कायम ठेवले असता ठरावीक वायूचे आकारमान त्याच्यावरील दाबाच्या व्यस्त प्रमाणात असते. दाब दुप्पट केला की आकारमान निम्मे होते. विद्यार्थी हे वाक्य पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढे विसरून जातो. आमच्या मंडळ्यांतील जे तरुण महाविद्यालयात विज्ञान शिकतात, त्यांच्यापैकी काही जण आम्हांला विचारतात, की धर्मगुरूंनी विज्ञानाची वाट नेहमीच अडवली, हे खरे ना? आणि आपल्यापैकी काही जण तितक्याच घाईने उत्तर देतात, की रॉबर्ट बॉइल हा स्वतः निष्ठावंत ख्रिस्ती होता. प्रश्न आणि उत्तर ही दोन्ही इतिहास न चाळता केलेली विधाने आहेत. हा नियम १६६२ साली ज्या पुस्तकात प्रथम छापला गेला, त्या पुस्तकाचा मोठा भाग एका येशूसंघीय धर्मगुरूच्या आक्षेपांना उत्तर देण्यासाठीच लिहिला गेला होता. तो आक्षेप चुकीचा होता. परंतु तो घेतला गेला नसता, तर बॉइलने ती मोजमापे त्या वेळी केली असती की नाही, याची आम्हांला शंका वाटते. म्हणून ही हकीकत जरा सविस्तर सांगण्याचे योजिले आहे.

वादाचे मूळ पोकळीच्या प्रश्नात होते. जिच्यात काहीही नाही अशी जागा असूच शकत नाही, असे ॲरिस्टॉटलने मानले होते, आणि मध्ययुगीन विद्यापीठांनी ते मत त्याच्या इतर मतांबरोबर स्वीकारले. निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे, हे वचन त्यातूनच रूढ झाले. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १२७७ मध्ये पॅरिसचे बिशप एत्येन ताँपिए यांनी २१९ विधाने निषिद्ध ठरवली. त्यांपैकी एका विधानाचा आशय असा होता, की देव आकाशगोलांना सरळ रेषेत हलवू शकत नाही, कारण तसे केल्यास मागे पोकळी उरेल. बिशपांचा निषेध पोकळीच्या बाजूने नव्हता. देवाच्या सामर्थ्याला ॲरिस्टॉटलची मर्यादा घालण्याविरुद्ध होता. तरीही त्यामुळे पोकळी निदान कल्पिता येते, हे ईश्वरविद्येच्या अभ्यासकांना मान्य करावे लागले. निषेधाचा असा उलटा उपयोग झाल्याची उदाहरणे मंडळीच्या इतिहासात फार नाहीत.

प्रत्यक्षात प्रश्न उभा राहिला तो विहिरीवरच्या पंपांमुळे. शोषपंपाने पाणी सुमारे दहा मीटरांपलीकडे चढत नाही, हे कारागिरांना ठाऊक होते आणि गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला. तिटकारा असेल तर तो दहा मीटरांवरच का संपावा? गॅलिलिओच्या मृत्यूनंतर त्याचा अनुयायी तोरिचेल्ली याने पाण्याऐवजी सुमारे चौदापट जड असा पारा घेतला. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून, तोंडावर बोट धरून, ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी केली. पारा थोडा खाली आला आणि सुमारे ७६ सेंटिमीटरांवर थांबला. वर मोकळी जागा राहिली. १६४४ च्या जून महिन्यात लिहिलेल्या पत्रांतून त्याने याचा अर्थ लावला: आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, आणि त्या समुद्राचे वजन भांड्यातील पाऱ्यावर पडून नळीतला पारा तोलून धरते.

ही बातमी इटलीतून फ्रान्समध्ये नेली ती मारँ मर्सेन या मिनिम संघाच्या धर्मबंधूने. तेथे ब्लेझ पास्कालने ठरवले, की हवेचे वजन हेच कारण असेल तर डोंगरावर पारा कमी उंच राहिला पाहिजे. तो स्वतः आजारी असे. म्हणून त्याचा मेहुणा फ्लोराँ पेरिए याने १९ सप्टेंबर १६४८ रोजी प्वी-द-दोम हा डोंगर चढून प्रयोग केला. बरोबरच्या मंडळीत कॅथीड्रलचे एक कॅनन आणि मिनिम संघाचे एक फादरही होते. पायथ्याच्या क्लेरमाँ गावी, मिनिम मठाच्या बागेत, दुसरी एक नळी ठेवली होती आणि फादर शास्ताँ नावाचे एक मठवासी दिवसभर तिच्याकडे लक्ष ठेवून होते. डोंगरमाथ्यावर पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली आला; बागेतल्या नळीतला पारा दिवसभर हलला नाही. फादर शास्ताँ यांचे नाव विज्ञानाच्या पुस्तकांतून क्वचितच येते. वस्तुतः बागेतली नळी कोणी पाहत बसले नसते, तर हवामान बदलल्यामुळे पारा उतरला असे म्हणण्यास वाव राहिला असता.

हवेला वजन आहे हे आता दिसले. पण बॉइलचा विषय थोडा वेगळा होता. रॉबर्ट बॉइलचा जन्म १६२७ मध्ये आयर्लंडमधील लिस्मोर येथे झाला. कॉर्कचा पहिला अर्ल रिचर्ड बॉइल याचे तो चौदावे अपत्य. पित्याने आयर्लंडात अफाट जमीन मिळवली होती, तिच्यात मूळच्या चर्चच्या उत्पन्नाचाही भाग होता, आणि ही गोष्ट पुत्राच्या मनाला पुढे बोचत राहिली. किशोरवयात जिनीव्हा येथे असताना एका रात्री झालेल्या भयंकर वादळाने तो हादरला आणि तेव्हापासून त्याने आपले जीवन गंभीरपणे देवाला वाहिले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे ऑक्सफर्डला राहत असताना जर्मनीतील ओटो फॉन गेरिक याच्या हवा उपसण्याच्या पंपाचे वर्णन त्याच्या वाचनात आले. हे वर्णन १६५७ मध्ये छापले होते गास्पार शॉट या येशूसंघीयाने. बॉइलचा साहाय्यक रॉबर्ट हुक याने १६५९ च्या सुमारास अधिक सोयीचा पंप बनवला. काचेच्या मोठ्या पात्रातून हवा उपसत गेले की आत ठेवलेल्या तोरिचेल्लीच्या नळीतील पारा उतरू लागे. तोंड बांधलेला, अर्धवट भरलेला कोकराचा मूत्राशय त्याच पात्रात ठेवला की तो आपोआप फुगे. यावरून बॉइलने १६६० च्या ग्रंथात असे मांडले, की हवेला नुसते वजन नाही तर लवचिकताही आहे. लोकरीचा ढीग दाबला की दबतो आणि हात काढला की पुन्हा वर येतो, तशी हवा वागते.

याच ठिकाणी फादर फ्रॅन्सिस लाइन यांनी हरकत घेतली. ग्रंथकार म्हणून ते फ्रान्सिस्कुस लिनुस या लॅटिन नावाने ओळखले जात. ते इंग्लिश होते. परंतु इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरूंना कायद्याने थारा नव्हता, त्यामुळे इंग्लिश येशूसंघीयांचे महाविद्यालय समुद्रापलीकडे लिएज येथे होते आणि तेथे ते हिब्रू आणि गणित शिकवीत. सूर्यघड्याळे बनवण्यात ते निष्णात होते. १६६१ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी वस्तूंच्या अविभाज्यतेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हवेला वजन आणि लवचिकता आहे, हे त्यांनी नाकारले नाही. तथापि एवढ्याशा हवेची लवचिकता २९ इंच पारा तोलून धरण्यास पुरेशी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या मते नळीच्या वरच्या भागात पोकळी नसते. तेथे अतिशय विरळ झालेल्या द्रव्याचा एक अदृश्य दोर ताणलेला असतो आणि तोच पाऱ्याला वर ओढून धरतो.

आज हे वाचून हसू येईल. परंतु त्यांचा पुरावा अनुभवाचा होता. दोन्ही टोकांना उघडी, २९ इंचांहून आखूड नळी घ्यावी, ती पाऱ्याने भरावी, वरचे तोंड बोटाने घट्ट झाकावे आणि खालचे टोक पाऱ्याच्या भांड्यात बुडवून मोकळे करावे. पारा पडत नाही, आणि वरचे बोट नळीत ओढले जात असल्याचे स्पष्ट जाणवते. फादर लाइन विचारतात: खालून हवा पाऱ्याला वर ढकलत असेल, तर तो बोटाला बाहेर लोटील, मग बोट आत का ओढले जाते? ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने आपल्याच बोटाला विचारावे. आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, की हा युक्तिवाद प्रथम वाचला तेव्हा त्याचे उत्तर आम्हांला चटकन सुचले नाही.

बॉइलचे उत्तर असे. बोटावर बाहेरून सगळ्या वातावरणाचा दाब पडतो, म्हणजे २९ इंच पाऱ्याच्या वजनाइतका. आतून पाराही बोटाला ढकलतोच. पण खालून आलेल्या दाबापैकी २० इंच, समजा, नळीतल्या पाऱ्याला उचलून धरण्यात खर्च होतो आणि बोटापर्यंत फक्त नऊ इंचांइतका पोहोचतो. बाहेरचा दाब मोठा, आतला लहान. म्हणून बोट आत लोटले जाते. जाणीव ओढले जाण्याची असली तरी घडते ते लोटणे. इंद्रियाने सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती, तिचे कारण मात्र दुसरे होते.

एवढ्याने मुख्य मुद्दा सुटत नव्हता. हवेची लवचिकता पुरेशी आहे की नाही, याचा निकाल वादाने लागणार नव्हता. ती मोजून दाखवावी लागणार होती. बॉइलने एक लांब काचेची नळी तळाशी वाकवून घेतली. तिची आखूड बाजू वरून बंद, लांब बाजू उघडी. उघड्या तोंडातून पारा ओतला की आखूड बाजूत हवा कोंडली जाते, आणि जसजसा अधिक पारा ओतावा तसतशी ती दबत जाते. पहिल्या नळीत कोंडलेली हवा निम्मी झाली तेव्हा लांब बाजूतील पारा आखूड बाजूहून २९ इंच वर उभा होता. हे पाहून आपल्याला किती आनंद झाला, ते बॉइलने लपवलेले नाही. मग ती नळी फुटली. दुसरी नळी इतकी उंच होती की ती खोलीत मावेना. म्हणून ती उजेडाच्या जिन्यात उभी केली, आणि फुटली तरी पारा वाया जाऊ नये म्हणून खाली लाकडी पेटी ठेवली. एक जण वरून थोडा थोडा पारा ओतीत असे आणि दुसरा खाली आखूड बाजूवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवरची खूण वाचीत असे.

त्या मोजमापांचा तक्ता आजही पाहावयास मिळतो. आरंभी हवा १२ इंच जागेत होती आणि तिच्यावर वातावरणाचा २९ १/८ इंच दाब होता. ती ६ इंचांत आली तेव्हा दाब ५८ १३/१६ भरला. व्यस्त प्रमाणाच्या हिशेबाने तो ५८ १/४ यायला हवा होता. ३ इंचांत आली तेव्हा दाब ११७ ९/१६ होता; हिशेब ११६ १/२ सांगत होता. बॉइलने मोजलेले आणि अपेक्षिलेले आकडे शेजारी शेजारी छापले, आणि जो किंचित फरक पडतो तो अशा नाजूक प्रयोगात राहणाऱ्या उणिवेचा समजावा, असे म्हटले. फादर लाइन ज्या लवचिकतेला २९ इंच पाराही पेलणार नाही असे म्हणत होते, ती आता वातावरणाखेरीज आणखी ८८ इंच पारा पेलत होती. यानंतर दोराला काही काम उरले नाही. हवा विरळ करत नेली तरीही हेच प्रमाण टिकते, हे बॉइलने दुसऱ्या प्रयोगमालिकेत दाखवले.

दाब आणि आकारमान व्यस्त प्रमाणात असतात, हे अनुमान बॉइलने आपले म्हणून सांगितले नाही. लँकाशायरमधील रिचर्ड टाउनली या कॅथलिक गृहस्थाने ते सुचवल्याचे त्याने लिहिले. टाउनली आणि वैद्य हेन्री पॉवर यांनी २७ एप्रिल १६६१ रोजी पेंडल टेकडीवर नळ्या नेऊन विरळ हवेची मोजमापे घेतली होती. पॉवरचे पुस्तक १६६४ मध्ये निघाले, तोवर बॉइलचे छापून झाले होते. नाव कोणाचे चिकटेल हे छापखान्याच्या तारखेवर ठरते, हे आपण सर्वच जाणतो. एक प्रॉटेस्टंट उमराव, एक कॅथलिक जमीनदार आणि एक परागंदा येशूसंघीय यांच्या हातून मिळून हा नियम सिद्ध झाला, आणि त्या काळच्या इंग्लंडात हे तिघे एका वेदीपाशी उभे राहू शकले नसते. आपल्या बाजूचा शास्त्रज्ञ म्हणून बॉइलचे नाव पुढे करणाऱ्यांनी टाउनली आणि लाइन यांची नावेही घ्यावीत, असे आम्हांला वाटते.

बॉइलचा स्वतःचा ईश्वरविद्याविषयक विचार या वादाशी निगडित होता, आणि तो नियमापेक्षा कमी महत्त्वाचा नाही. १६८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, निसर्ग या रूढ कल्पनेची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथात त्याने विचारले, की पोकळीचा तिटकारा करणारा हा निसर्ग आहे तरी कोण? तिटकारा करायला मन हवे. पंपातले पाणी पोकळी टाळण्यासाठी वर चढते असे म्हणणे म्हणजे पाण्याला हेतू आणि निसर्गाला देवतेसारखी सत्ता बहाल करणे होय. देव आणि त्याची निर्मिती यांच्यामध्ये निसर्ग नावाची कोणी मध्यस्थ देवी उभी करणे त्याला मूर्तिपूजेच्या जवळचे वाटले. म्हणजे हवेच्या वजनाचे स्पष्टीकरण हे त्याच्या दृष्टीने श्रद्धेविरुद्ध नव्हते, उलट तिची शुद्धी करणारे होते. या विचारालाही धोका आहे: यंत्र एकदा चालू झाले की यंत्रकाराची गरज काय, असे पुढच्या शतकात विचारले गेलेच. बॉइलला तो धोका दिसत होता. म्हणूनच त्याने मृत्युपत्रात दरसाल ५० पौंड ठेवून ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ व्याख्याने योजली. रिचर्ड बेंटले याने १६९२ मध्ये त्यांतील पहिली व्याख्याने दिली. व्याख्यानांनी प्रश्न मिटला, असे मात्र म्हणता येणार नाही.

धर्मकार्यासाठी बॉइलने खर्चही पुष्कळ केला. मलायी भाषेतील शुभवर्तमाने आणि प्रेषितांची कृत्ये त्याच्या साहाय्याने १६७७ मध्ये ऑक्सफर्डला छापली गेली. आयरिश नव्या कराराची नवी आवृत्ती १६८१ मध्ये आणि जुना करार १६८५ मध्ये निघाला. तो काही वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांत होता. दीक्षा घेण्याचा आग्रह झाला तेव्हा त्याने नकार दिला. चर्चकडून वेतन न घेणाऱ्याने धर्माविषयी लिहिले तर लोक अधिक ऐकतात, हे त्याचे कारण. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना हे पटणार नाही, आणि पटावे असा आमचाही आग्रह नाही.

येथे एक सूचना करावीशी वाटते. ईयोबाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात देवाने वाऱ्याला वजन दिल्याचा उल्लेख आहे, आणि त्यात वायुभारमापकाची पूर्वसूचना पाहण्याचा मोह काही उपदेशकांना होतो. त्या अध्यायाचा विषय ज्ञानाचा आहे. तोरिचेल्लीची नळी त्यात शोधू नये.

आता तापमानाकडे वळू. नियमाच्या आरंभीचे 'तापमान कायम ठेवले असता' हे शब्द बॉइलच्या तक्त्यात नाहीत. त्याने कोंडलेल्या हवेभोवती ओले फडके गुंडाळून आणि नळीजवळ ज्योत नेऊन पाहिले, हवा किंचित आक्रसते आणि प्रसरण पावते हे टिपले, पण मोजले नाही; काच तडकण्याची भीती होती. फ्रान्समध्ये एद्म मारिऑत, जो बोनजवळच्या सेंट मार्टिन मठाचा प्रायर होता, त्याने १६७९ मध्ये हाच नियम मांडला, आणि तिकडे तो मारिऑतच्याच नावाने ओळखला जातो. १७०२ मध्ये, बालपणापासून बहिरा असलेल्या ग्वीयोम आमाँताँ याने दाखवले, की कोंडलेली हवा उकळत्या पाण्याइतकी तापवली तर तिचा दाब सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. हैदराबाद-ग्वाल्हेरकडील उन्हाळ्यात सकाळी गच्च भरलेली सायकलची ट्यूब दुपारी रस्त्यात का फुटते, ते यावरून कळेल. दाब असाच उतरत गेला तर थंडीला कोठेतरी अखेरची मर्यादा असली पाहिजे, हेही त्याच्या आकड्यांतून सूचित होत होते.

पुढची प्रगती थोडक्यात सांगतो. १ डिसेंबर १७८३ रोजी हायड्रोजनच्या विमानातून पॅरिसवर उडालेल्या जाक शार्ल याने १७८७ च्या सुमारास वायूंच्या प्रसरणावर प्रयोग केले, पण छापले नाहीत. गे-ल्यूसाकने १८०२ मध्ये ते श्रेय शार्लला देऊन स्वतःची मोजमापे प्रसिद्ध केली: दाब कायम असता सर्व वायू दर अंशाला शून्य अंशावरील आकारमानाच्या सुमारे १/२६७ ने वाढतात. आजचा आकडा १/२७३ आहे. क्लापेराँ याने १८३४ मध्ये दाब, आकारमान आणि तापमान या तिघांना एका समीकरणात बांधले.

हे असे का घडते, हा प्रश्न मात्र उरला होता, आणि त्याच्या उत्तरातील एक प्रकरण आपल्या मुंबईत घडले. एडिंबरोचा जॉन जेम्स वॉटरस्टन हा १८३९ मध्ये कंपनीच्या नाविक उमेदवारांना शिकवण्यासाठी मुंबईला आला. वायू म्हणजे इतस्ततः धावणारे सूक्ष्म कण. त्यांच्या आघातांनी दाब उत्पन्न होतो, आणि तापमान म्हणजे त्यांच्या वेगाच्या वर्गाचे माप, असे त्याने गणिताने मांडले. दाबाविषयीची कल्पना डॅनिएल बर्नुलीने १७३८ मध्ये सुचवली होती. वॉटरस्टन तिच्यापुढे बराच गेला. १८४५ मध्ये त्याने आपला निबंध मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. सोसायटीच्या एका परीक्षकाने तो निव्वळ निरर्थक ठरवला. नियमानुसार निबंध परत मिळत नसे, आणि लेखकाने आपल्यापाशी प्रत ठेवली नव्हती. फादर लाइन यांचा चुकीचा आक्षेप बॉइलने छापील उत्तर देण्याइतका महत्त्वाचा मानला होता. वॉटरस्टनचा बरोबर निबंध कपाटात गेला. त्यानंतर हाच सिद्धान्त क्लाउझियस आणि मॅक्सवेल यांनी स्वतंत्रपणे उभा केला. १८९१ मध्ये लॉर्ड रॅली यांना सोसायटीच्या दप्तरात तो निबंध सापडला आणि १८९२ मध्ये त्यांनी तो प्रस्तावनेसह छापवला. वॉटरस्टन १८ जून १८८३ रोजी एडिंबरोतील आपल्या घरून बाहेर पडला होता, तो पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही.